नवे टायर आणि जुन्या मोटारीची सैल चाल

दहा-पंधरा वर्षे इमानाने चाललेल्या मोटारीला नवे टायर चढवावेत, रस्त्यावरील तिची पकड आता पूर्ववत् होईल अशा समाधानाने दुकानातून निघावे, आणि पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर ती हातात राहिनाशी व्हावी, स्टिअरिंग वळविल्यावर तिने क्षणभर उशिराने ऐकावे, सरळ रस्त्यावरही तिला वारंवार सावरून घ्यावे लागावे, हा अनुभव जुन्या गाड्या बाळगणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी टायरवाला ‘अलाइनमेंट करून घ्या’ म्हणतो, मेकॅनिक ‘टायरच हलके निघाले’ असा निर्वाळा देतो, आणि मालक पैसे मोजीत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असण्याचा संभव आहे. परंतु गाडीखाली न डोकावता दिलेला निकाल खरा ठरलाच तर तो योगायोगाने ठरतो. वस्तुतः ह्या तक्रारीची उकल करण्यास एक निश्चित क्रम आहे. तो बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू होऊन खर्चाच्या गोष्टींकडे जातो, आणि ज्या अलाइनमेंटकडे सर्वजण प्रथम धाव घेतात तिचे स्थान त्या क्रमात अगदी अखेरचे आहे.

टायर बदलताच गाडी सैल का वाटावी, ह्याची कारणमीमांसा आधी ध्यानात घेतली पाहिजे. मोटारीच्या नव्या टायरवरील नक्षीची खोली साधारणतः ७ ते ८ मिलिमीटर असते. झिजलेल्या टायरवर ती दोनवर आलेली असते, आणि १.६ मिलिमीटरवर तर खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेल्या रबराच्या आडव्या पट्ट्या पृष्ठभागाशी समतल होऊन टायर बाद झाल्याची सूचना देतात. झिजून बुटके झालेले रबराचे ठोकळे ताठ असतात आणि वळणाचा जोर तत्काळ रस्त्यापर्यंत पोहोचवितात; नवे, उंच ठोकळे त्याच जोराखाली आधी बाजूला लवतात आणि मगच गाडी वळवितात. शिवाय कारखान्यातील साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या रबरावर काही काळ राहतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत गाडी किंचित मऊ, किंचित निसरडी वाटली तर तो दोष समजू नये. मात्र हा मऊपणा दिवसागणिक कमी होत गेला पाहिजे. दुसरे कारण ह्याच्या उलट दिशेचे आहे. नव्या टायरची पकड चांगली, म्हणून वळताना आणि ब्रेक लावताना त्याच्याकडून सांध्यांवर व रबरी बुशांवर येणारा ताणही मोठा. गुळगुळीत टायर रस्त्यावरून घसरत असल्यामुळे जो खिळखिळेपणा आजवर झाकला गेला होता, तो नवा टायर उघडा पाडतो. म्हणजे एकाच तक्रारीची मुळे टायरमध्येही असू शकतात आणि टायरच्या मागे दडलेल्या सांगाड्यातही. ती कोठे आहेत हे ठरविणे हाच सगळा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम ‘सैल’ म्हणजे नेमके काय, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. पहाटेच्या वेळी, वर्दळ नसलेल्या, सपाट आणि सरळ रस्त्यावर, ताशी ४० आणि नंतर ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी न्यावी आणि हात स्टिअरिंगवर हलके ठेवून ती काय करते ते पाहावे. स्टिअरिंगच्या मध्यभागी थोडा भाग पोकळ लागतो आणि तेवढा ओलांडल्यावरच चाके वळू लागतात, असे असेल तर संशय सांध्यांवर आणि स्टिअरिंगच्या रॅकवर किंवा बॉक्सवर जातो. पोकळी नाही, पण गाडी आपणहून कधी डावीकडे कधी उजवीकडे भरकटते, असे असेल तर हवा, चाकांची दिशा किंवा फाटलेले बुश ह्यांचा विचार करावा. पुढचा भाग ऐकतो परंतु मागचा भाग एक झोका घेऊन मागाहून येतो, हा तिसरा प्रकार. तो मागच्या टायरांचा, मागच्या बुशांचा किंवा शॉकअपचा असतो. ठराविक वेगाला, बहुधा ७० ते ९० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरते आणि त्याच्या पुढे-मागे थांबते, तर तो सैलपणा नसून बॅलन्सिंगचा प्रश्न आहे. गाडी सतत एकाच बाजूला ओढते हा आणखी निराळा प्रकार. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मध्यभागी उंच व कडेला उतरते केलेले असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हळूहळू डाव्या कडेकडे झुकते. तेवढ्या झुकण्याला ओढ समजून अलाइनमेंट करून घेऊ नये.

ही पाहणी झाली की चाकांकडे वळावे. टायर रिंगवर नीट बसावा म्हणून दुकानात त्यात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक हवा भरतात, आणि ती नंतर उतरवायची राहून जाते. किंवा कारागीर सर्व गाड्यांना एकच आकडा लावण्याच्या शिरस्त्याप्रमाणे चारही चाकांत ३५ भरून मोकळा होतो. हलक्या गाडीत एवढी हवा झाली की टायरचा मध्यभागच रस्त्याला टेकतो आणि गाडी तरंगल्यासारखी होते. कमी झाली की टायरच्या भिंती लवतात आणि प्रत्येक वळणाला उशीर होतो. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील खांबावरच्या पट्टीवर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. हवा मोजायची ती गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर, आणि शक्यतो स्वतःच्या गेजने. अनेक गाड्यांची तक्रार ह्या एका पायरीवरच मिटते, म्हणून तिला क्षुल्लक समजून पुढे जाऊ नये.

त्याच बैठकीत नट तपासावेत. चाके काढून घातल्यावर सुमारे ५० ते ८० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळण्याची पद्धत आहे आणि ती सर्वांनी पाळावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, एका कडेने ओळीने नव्हे. मागाहून बसविलेल्या अलॉय चाकांना लोखंडी रिंगचे नट लावलेले असतील, किंवा चाकाच्या मधले भोक हबपेक्षा मोठे असून मधली कडी दुकानात राहिली असेल, तर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि गाडी थरथरते.

आता टायरच्या भिंतीवरील अक्षरे वाचावीत. मारुती ८०० सारख्या गाडीवर १४५/७० आर १२ हा टायर येतो. ह्यातील १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंच भिंत, आणि १२ हा रिंगचा इंचांतील व्यास. ह्या हिशेबाने भिंतीची उंची सुमारे १०१ मिलिमीटर भरते. त्याऐवजी ‘मिळत होता म्हणून’ १४५/८० चढविला तर भिंत ११६ मिलिमीटरची होते. प्रत्येक चाकाला जवळजवळ दीड सेंटिमीटर अधिक उंच, अधिक लवणारी भिंत मिळाल्यावर गाडी वळणावर डुलली तर नवल नाही, आणि स्पीडोमीटरही खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. रुंदीच्या हौसेचेही तसेच. मूळच्या अरुंद रिंगवर रुंद टायर बसविला म्हणजे त्याच्या भिंती फुगलेल्या राहतात आणि टायर रिंगवर आडवा हलतो. दिसायला भारदस्त, चालवायला सैल. बाण असलेला टायर उलट फिरत नाही ना, आणि ज्यावर ‘बाहेरची बाजू’ अशी खूण आहे तो आतबाहेर झालेला नाही ना, हे एका दृष्टिक्षेपात कळते. उत्पादनाची तारीखही तेथेच, लंबगोलातील चार आकड्यांत असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नव्या टायरच्या किमतीत अनेक वर्षे गोदामात पडून कडक झालेला माल आलेला नाही, ह्याची खातरजमा पैसे देण्यापूर्वीच करावी.

पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर ह्यांसारख्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांना आणखी एक ताकीद द्यावी लागते. त्या गाड्यांची मूळ रचना क्रॉस-प्लाय टायरसाठी झाली. रेडियल टायरचे पेटंट मिशलिनने १९४६ साली घेतले खरे, परंतु आपल्याकडच्या मोटारींवर ते सार्वत्रिक व्हायला पुष्कळ काळ गेला. वळताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो त्यांच्यात एक लहानसा कोन पडतो, आणि हा कोन दोन्ही जातींत भिन्न असतो. म्हणून एकाच आसावर एक क्रॉस-प्लाय व एक रेडियल असे कधीही असू नये. आणि दोन जाती एका गाडीवर ठेवण्यावाचून तूर्त गत्यंतर नसेल तर रेडियलची जोडी मागेच असली पाहिजे. ती पुढे लावली तर गाडीचे नाक झपाट्याने वळते आणि शेपूट बाहेर फेकली जाते.

हाच न्याय एकाच जातीच्या टायरांनाही लागू आहे, आणि येथे आपल्याकडची रूढ समजूत सरळसरळ चुकीची आहे. चारऐवजी दोनच टायर घेतले की ते पुढे लावायचे, कारण पुढची चाके गाडी ओढतात, वळवितात आणि लवकर झिजतात, असे बहुतेक दुकानांत सांगितले जाते. ह्याचा परिणाम असा होतो की पुढे ताजी, खोल नक्षी आणि मागे गुळगुळीत रबर. नाक रस्ता धरते, मागचा भाग धरीत नाही. पावसाळ्यात ओल्या घाटात, उतरणीच्या वळणावर पाय अॅक्सिलरेटरवरून अचानक उचलला की वजन पुढे सरते, मागची चाके आधीच हलकी, त्यांत पाणी कापण्याची शक्ती नाही, आणि गाडी आडवी होते. पुढची चाके घसरू लागली तर चालकाला ते स्टिअरिंगमध्ये जाणवते आणि वेग कमी केल्यावर गाडी बहुधा सावरते. मागची घसरल्यावर सामान्य चालकाच्या हाती सावरण्यास वेळच राहत नाही. म्हणून नवी जोडी मागे, मग गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असो वा मागच्या. टायर बदलल्यावर मागचा भाग सैल वाटतो अशी तक्रार असेल आणि नवी जोडी पुढे लावलेली असेल, तर आधी जोड्यांची अदलाबदल करावी. खर्च जॅक लावण्याच्या श्रमाइतकाच.

नवे चारही टायर एकसारखे असून गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढची दोन चाके डावी-उजवी बदलून पाहावीत, अर्थात टायर बाणाचे नसतील तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर कसूर टायरचा आहे आणि दुकानदाराने तो बदलून दिला पाहिजे; ओढ होती तेथेच राहिली तर टायर निर्दोष समजावा.

एवढे करूनही सैलपणा उरला, तर काढलेल्या जुन्या टायरांची कैफियत ऐकावी. दुर्दैवाने बहुतेक मालक ते शे-दोनशे रुपयांच्या सुटीसाठी दुकानातच सोडून येतात, आणि त्यांच्याबरोबर गाडीच्या गेल्या काही वर्षांचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवजही जातो. टायर काढताना प्रत्येकावर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असे लिहून घ्यावे आणि घरी आणून उजेडात पाहावे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, म्हणजे हवा कमी असे. मध्य झिजला, म्हणजे जास्त. ह्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, परंतु तिसरी हातालाच कळते. तळवा नक्षीवर आडवा, बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे सावकाश फिरवावा आणि तसाच परत आणावा. एका दिशेने जाताना रबर गुळगुळीत लागते आणि परत येताना प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना करवतीच्या दात्यासारखी अडते, असे आढळले तर ते चाक कित्येक महिने किंचित तिरके घासत चालले आहे, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधील समांतरता बिघडलेली आहे. परिघावर ठराविक अंतराने वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप निकामी झालेला आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेलेले आहे. आणि एकाच चाकाची केवळ आतली कड तारा दिसेपर्यंत खाल्ली गेली असून उरलेला टायर धडधाकट असेल, तर त्या कोपऱ्यात काहीतरी वाकलेले, सुटलेले किंवा फाटलेले आहे, आणि नवा टायरही त्याच वाटेने जाणार आहे.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या जुन्या छोट्या गाडीत नेमके हेच घडले होते. पुढच्या डाव्या टायरची आतली कड गेलेली, नवे टायर घातले, अलाइनमेंट केली, मशीनवर सर्व आकडे हिरवे आले, आणि तरीही ब्रेक लावताना गाडी बाजूला सरकत राहिली. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशाचे रबर लोखंडापासून सुटलेले होते. गाडी उभी असताना आर्म आपल्या जागी बसे, म्हणून मशीनला काही दिसत नसे. ब्रेक लावला की आर्म मागे सरके आणि चाक आपली दिशा बदली. सत्तर-ऐंशीच्या वेगाला हाच प्रकार जिवावर बेतू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढील तपासणीचे महत्त्व पटेल.

ही तपासणी दोघांनी मिळून करावयाची आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, चाके सरळ ठेवून आणि हँडब्रेक ओढून एकाने चालकाच्या जागी बसावे आणि स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवीत राहावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. दुसऱ्याने चाकामागे हात घालून प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने बोटे टेकवावीत: टाय रॉडचा बाहेरचा एंड, रबरी बुटाच्या आतला सांधा, रॅक जेथे गाडीला आवळलेला असतो तेथील रबर, लोअर आर्मचे बुश. निरोगी सांध्यात दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेल्यात एक भाग आधी हलतो, दुसरा मागाहून, आणि त्या दोहोंच्या मधला सूक्ष्म ‘टक्’ कानाला ऐकू येण्यापूर्वी बोटाला लागतो. रॅक असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कडेला बोटाच्या रुंदीहून अधिक पोकळी संशयास्पद मानावी. पद्मिनीसारख्या स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाडीत थोडी अधिक मुभा द्यावी लागते, परंतु तीही अंगठ्याच्या रुंदीपुरतीच.

त्यानंतर चाक जॅकवर उचलावे. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नये आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे, नंतर डावीकडे-उजवीकडे धरून हलवावे. केवळ आडवे धरल्यावर हलते तर टाय रॉड एंड गेलेला असण्याचा संभव अधिक. उभे धरूनही हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे आणि पुन्हा हलवावे: ब्रेक दाबताच हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, थांबली नाही तर बॉल जॉइंटचा, आणि जुन्या धाटणीच्या गाडीत किंगपिनचा. ही एवढी साधी चाचणी पुष्कळ नाहक बदललेली बेअरिंगे वाचवील.

मागचा आस दुर्लक्षित राहतो, तसा तो राहू देऊ नये. पाट्यांच्या गाडीत पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट पाहावेत. स्प्रिंगच्या गाडीत मागच्या आर्मचे बुश. शॉकअपबद्दल, गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जी चाचणी सर्वांना ठाऊक आहे ती केवळ पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. नळीवर ओघळलेले तेल हा अधिक भरवशाचा पुरावा. कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत, आर्म जेथे बॉडीला जोडलेला असतो तो पत्राच खाऱ्या हवेने पोखरला गेला नाही ना हे टोकदार हत्याराने टोचून पाहावे. पत्रा आत गेला तर नवा बुश घालण्यात अर्थ नाही, आधी वेल्डिंग.

जे सापडेल ते बदलल्यानंतर, आणि बदलल्यानंतरच, अलाइनमेंटची वेळ येते. टाय रॉड किंवा आर्म काढला की ती पुन्हा करावीच लागते, म्हणून आधी केलेल्या अलाइनमेंटचे पैसे वाया जातात. दुकानदाराकडे आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागावा. पुष्कळ छोट्या गाड्यांत केवळ पुढच्या चाकांची समांतरता, जिला कारागीर ‘टो’ म्हणतात, तेवढीच जुळविता येते; कॅम्बर आणि कॅस्टर ह्यांना स्क्रूच नसतो. तेव्हा ह्या दोहोंपैकी एखादा आकडा एका बाजूला मर्यादेबाहेर दिसला तर मशीन तो दुरुस्त करणार नाही. तो वाकलेल्या भागाचा दाखला आहे आणि त्याचा शोध गाडीखाली घ्यावा लागेल. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर परत येत नसेल तर कॅस्टरच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मेकॅनिककडून बुश बदलून घेताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. आर्मचे बोल्ट चाके लोंबत असताना पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच आतले रबर कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच काळात पुन्हा फाटते. बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यावर मग अखेरचे आवळावेत. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी गाळली जाते आणि मग दोष सुट्या भागाच्या माथी मारला जातो.

तपासणीत बॉल जॉइंट किंवा किंगपिन हलताना आढळला, टायरच्या भिंतीला फुगवटा दिसला, किंवा नट पुन्हा पुन्हा ढिले होत असून चाकाची भोके लांबट झालेली असली, तर ती गाडी ‘हळूहळू नेऊ’ म्हणून गॅरेजपर्यंतही चालवू नये. बॉल जॉइंट निखळल्यावर चाक आडवे कोलमडते आणि स्टिअरिंगचा काहीही अंमल राहत नाही. मेकॅनिकला घरी बोलवावे, किंवा गाडी पुढची चाके उचलून टोइंगने न्यावी.